आज्ञेपूर्वींची खूण

आमच्या सावनेर गांवाचें नांव मराठी वाचकांस बहुधा एका दुःखद कारणानें ठाऊक असतें. नाटककार राम गणेश गडकरी यांनीं २३ जानेवारी १९१९ रोजीं येथें देह ठेविला. अशा गांवांत राहणाऱ्या माणसास ‘प्रॉम्प्टर’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं. विंगेंत उभें राहून, हातांत नाटकाची वही धरून, नट अडला कीं त्याला हळूच पुढचा शब्द पुरविणारा इसम तो प्रॉम्प्टर. आज मी ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें तिचें नांव याच शब्दाच्या घरांतलें आहे. ती वस्तु मात्र रंगभूमीवरची नसून संगणकाच्या पडद्यावरची आहे, आणि तिला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात.

हल्लीं घरोघरीं संगणक आहेत. खिशांतला दूरध्वनि हाहि एक लहान संगणकच आहे. त्यांच्याशीं आपला व्यवहार चित्रांनीं चालतो. चित्रावर बोट ठेवलें कीं काम होतें. परंतु या चित्रांच्या मागें एक जुनी रीत अजून जिवंत आहे. तींत मनुष्य आपली आज्ञा अक्षरांनीं लिहितो आणि यंत्र ती वाचून पाळतें. यूनिक्स आणि त्याच्या कुळांतील लिनक्स वगैरे व्यवस्थांत आज्ञा ऐकून घेणाऱ्या या कार्यक्रमास ‘शेल’, म्हणजे कवच, असें नांव आहे. आज्ञा लिहिण्यापूर्वीं ओळीच्या आरंभीं शेल जी खूण दाखवितें ती प्रॉम्प्ट. नाट्यगृहांतला प्रॉम्प्टर पुढचा शब्द पुरवितो. ही खूण तसें कांहीं करीत नाहीं. ती एवढेंच सांगते कीं, मागील काम संपलें, यंत्र मोकळें आहे, आतां आपली आज्ञा व्हावी.

या खुणेचें रूप वापरणारास आपल्या सोयीप्रमाणें बदलतां येतें. वरवर पाहतां ही हौसेची बाब वाटेल. ती निवळ हौसेची नाहीं, हें मला स्वतःच्या एका चुकीमुळें कळलें. ती चूक पुढें सांगेन. आधीं इतिहास पाहूं.

ही खूण जन्मास कां आली हें समजण्यासाठीं ती नव्हती तो काळ डोळ्यांपुढें आणला पाहिजे. त्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत भारतीय शास्त्रज्ञांनीं स्वतः बांधलेला संगणक १९६० सालीं कामास लागला. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास ‘टिफ्रॅक’ असें नांव दिलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याच्या स्मृतींत प्रत्येकीं ४० द्वयंकांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या साध्या दूरध्वनींतील एका छायाचित्रासहि ती जागा पुरणार नाहीं. या यंत्रास गणित सांगावयाचें तर तें कागदी फितीवर छिद्रें पाडून सांगावें लागे. पुढें १९६४ सालीं त्याच संस्थेंत ‘सीडीसी ३६००’ हा मोठा अमेरिकन संगणक आला. त्याला काम द्यावयाचें तें छिद्रें पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यानें. गठ्ठा खिडकींत द्यावा, परत यावें, आणि निकालाचा कागद हातीं पडण्याची वाट पाहावी, अशी त्या पद्धतीची रीत होती. एक स्वल्पविराम चुकला तरी सारा गठ्ठा परत येई आणि पुन्हां रांगेंत उभें राहावें लागे. या व्यवहारांत अर्ज आणि निकाल होता, संभाषण नव्हतें. जेथें संभाषण नाहीं तेथें ‘आतां आपण बोला’ असें सांगणारी खूण कशाला लागेल?

संभाषणाची सोय अमेरिकेंत निघाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं नोव्हेंबर १९६१ मध्यें एक नवी व्यवस्था करून दाखविली. तिचें संक्षिप्त नांव सीटीएसएस. एकाच संगणकाचा वेळ बारीक तुकडे करून अनेकांस वांटावयाचा, म्हणजे प्रत्येकास यंत्र आपल्याच सेवेंत आहे असें भासतें, ही तिच्यामागील कल्पना. माणसें टंकलेखन यंत्रासारख्या यंत्रापुढें बसत आणि आज्ञा टंकित करीत. आज्ञा मिळतांच यंत्र ‘थांबा’ या अर्थाचें एक अक्षर व त्या वेळचें घड्याळ छापी. काम संपलें कीं ‘तयार’ या अर्थाचें दुसरें अक्षर, आणि त्यापुढें यंत्राचा किती सेकंद वेळ खर्चीं पडला याचा आंकडा. त्या काळीं यंत्राचा वेळ फार महाग होता. म्हणून ही ओळ एक प्रकारें पावतीच होती. आजच्या प्रॉम्प्टचा पूर्वज तो हाच. फरक इतकाच कीं, तो काम झाल्यावर पुढें येई, आज्ञेच्या आधीं नव्हे.

याच व्यवस्थेवर लुई पूझँ या फ्रेंच गृहस्थांनीं एक कार्यक्रम लिहिला. पुष्कळ आज्ञा एका यादींत लिहून ठेवाव्यात आणि ती यादी यंत्राकडून क्रमानें वाचवून घ्यावी, असा त्याचा उपयोग. त्याचें नांव ‘रनकॉम’, म्हणजे आज्ञा चालविणारा. ‘शेल’ हा शब्दहि या अर्थानें त्यांनींच रूढ केला. पुढें मल्टिक्स नांवाची भव्य व्यवस्था रचली जात असतां १९६५ मध्यें ग्लेंडा श्रोडर या बाईंनीं तिचें पहिलें शेल तयार केलें. मल्टिक्सवर ‘तयार’ हा निरोप कसा छापावा, त्यांत काय काय असावें, हें ठरविण्याची सोय वापरणाऱ्यांस मिळाली. म्हणजे खूण आपल्या मनाजोगी करून घेण्याची इच्छा ही खुणेइतकीच जुनी आहे. आणि ‘रनकॉम’चें नांवहि पुसलें गेलें नाहीं. आज लिनक्स वापरणारा आपल्या आवडीनिवडी ज्या धारिकेंत लिहून ठेवितो तिच्या नांवाच्या शेवटीं ‘आर’ आणि ‘सी’ अशीं दोन अक्षरें येतात. तीं त्या ‘रनकॉम’चीं आद्याक्षरें होत.

मल्टिक्सचें काम लांबत चाललें तेव्हां १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेनें त्यांतून अंग काढून घेतलें. त्याच वर्षीं तेथील केन थॉम्पसन यांनीं, डेनिस रिची प्रभृति सहकाऱ्यांसह, एका लहानशा यंत्रावर निराळी, आटोपशीर व्यवस्था रचण्यास प्रारंभ केला. तीच यूनिक्स. तिचें पहिलें शेल थॉम्पसन यांनींच लिहिलें, आणि त्यांत आज्ञेच्या आधीं येणारी खूण होती. १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तींत साधारण वापरणाऱ्यासाठीं ती खूण @ ही होती. पुढच्या आवृत्त्यांत तिच्या जागीं शेंकड्याची खूण % आली. परंतु ज्याला व्यवस्थेंतील सर्व अधिकार आहेत, ज्याला ‘रूट’ म्हणजे मूळ म्हणतात, त्याच्यापुढें मात्र आरंभापासून # ही निराळी खूण उभी राहते. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला, कैक शेलें आलीं आणि गेलीं, पण हा भेद टिकला. तो कां टिकला याचा विचार करण्याजोगा आहे. मूळ अधिकाऱ्याची आज्ञा यंत्र बहुधा प्रश्न न विचारतां पाळतें. सारी व्यवस्था पुसून टाकण्याची आज्ञाहि पाळतें. म्हणून ‘सावध, आपल्या हातीं सर्व सत्ता आहे’ हें प्रत्येक ओळीच्या आरंभीं सांगणें अवश्य ठरलें.

खूण एकच अक्षराची कां, असा प्रश्न मनांत येईल. त्याचें उत्तर त्या काळच्या यंत्रांत आहे. पडदे तेव्हां सर्वत्र नव्हते. टेलिटाइप नांवाचें यंत्र कागदावर अक्षरें छापी, आणि त्याची गति सेकंदास दहा अक्षरें एवढीच. तीस अक्षरांची खूण ठेविली असती तर प्रत्येक आज्ञेपूर्वीं तीन सेकंद नुसती ठकठक ऐकत बसावें लागलें असतें. यूनिक्समधील आज्ञांचीं नांवेंहि दोन-दोन तीन-तीन अक्षरांचीं आहेत, त्यालाहि ही मंद गति पुष्कळ अंशीं कारण झाली.

यापुढील महत्त्वाचें पाऊल स्टीफन बॉर्न यांचें. जानेवारी १९७९ च्या यूनिक्सच्या सातव्या आवृत्तींत त्यांचें शेल आलें. साधारण वापरणाऱ्यापुढें डॉलरची खूण $ दिसूं लागली ती या शेलामुळें. पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं, खूण कार्यक्रमाच्या पोटांत कोरलेली न ठेवितां ती एका चल राशींत ठेविली. बीजगणितांत ‘क्ष’ची किंमत आपण पाहिजे ती धरतों, तसाच हा प्रकार. या चल राशीचें नांव ‘पीएस-१’, म्हणजे पहिली खूण. तिची किंमत बदलली कीं खूण बदलली. ‘पीएस-२’ ही दुसरी खूण. आज्ञा अर्धवट राहिली असतां पुढच्या ओळीच्या आरंभीं ती दिसते. आरंभ केलेलें अवतरणचिन्ह आपण बंद केलें नाहीं, तर शेल रागावत नाहीं. तें > अशी खूण दाखवून वाक्य पुरें होण्याची वाट पाहतें. वर्गांत अडलेल्या मुलाकडे पाहून ‘हं, पुढें?’ म्हणणाऱ्या शिक्षकाची मला येथें आठवण होते.

बॉर्न यांच्या शेलांत खूण बदलतां येई, पण ती एकदां ठरविली कीं तशीच राही. कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत बिल जॉय यांनीं याच सुमारास दुसरें शेल रचलें. त्यांत प्रत्येक आज्ञेचा अनुक्रमांक खुणेंत दाखवितां येई. वापरणारे मोठे चतुर. आपण कोणत्या कप्प्यांत आहोंत हें खुणेंत दिसावें म्हणून त्यांनीं कप्पा बदलण्याच्या आज्ञेलाच अशी जोड दिली कीं, कप्पा बदलला कीं खूणहि नव्यानें लिहिली जावी. पुढें डेव्हिड कॉर्न यांच्या शेलांत खुणेंतील चल राशींची किंमत प्रत्येक वेळीं ताजी काढली जाऊं लागली. आणि ८ जून १९८९ रोजीं ब्रायन फॉक्स यांनीं मुक्त आज्ञावलीच्या चळवळीसाठीं लिहिलेलें ‘बॅश’ हें शेल प्रथम बाहेर आलें. १९९१ मध्यें लिनक्सचा जन्म झाला. त्याच्याबरोबर बॅश जगभर गेलें, आणि माझ्यासारख्या खेड्याच्या कडेच्या माणसापर्यंतहि आलें.

बॅशमध्यें खूण रचण्याची पद्धति अशी. उलटी तिरपी रेघ काढावी आणि तिच्यापुढें एक अक्षर लिहावें. ‘यू’ लिहिलें तर तेथें वापरणाऱ्याचें नांव येतें. ‘एच’ लिहिलें तर यंत्राचें नांव. ‘डब्ल्यू’ लिहिलें तर सध्यांच्या कप्प्याचा पत्ता. ‘टी’ लिहिलें तर घड्याळ. डॉलरची खूण लिहिली तर साधारण माणसापुढें डॉलर आणि मूळ अधिकाऱ्यापुढें # असें आपोआप होतें. मधें @, अपूर्णविराम, मोकळी जागा हीं आपल्या आवडीप्रमाणें घालावीं. कित्येक लिनक्स व्यवस्थांत आरंभापासून जी खूण मिळते तिची रचना याच क्रमाची: आधीं माणसाचें नांव, मग @, मग यंत्राचें नांव, मग अपूर्णविराम आणि कप्पा, शेवटीं डॉलर. माणूस आणि यंत्र यांच्यामध्यें @ घालण्याची चाल टपालांतून आली. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन यांनीं विद्युत्-टपालाच्या पत्त्यासाठीं ती खूण निवडली. योगायोग असा कीं, त्याच सालच्या यूनिक्समध्यें @ हाच प्रॉम्प्ट होता. आपल्या घरच्या कप्प्याच्या जागीं जी नागमोडी रेघ ~ दिसते तिचीहि एक गंमत आहे. १९७० नंतरच्या दशकांत लोकप्रिय झालेल्या एका पडदायंत्रावर ही रेघ आणि ‘होम’ म्हणजे ‘घर’ हा शब्द एकाच कळीवर छापलेला होता. त्यावरून रेघ म्हणजे घर असा संकेत पडला.

मोडी कागद पाहण्याची ज्यांस संवय आहे त्यांना ही रचना परकी वाटणार नाहीं. मराठेशाहींतील पत्र हातीं घेतलें कीं जाणता मनुष्य मजकूर वाचण्यापूर्वीं मायना पाहतो. ‘स्वामींचे सेवेसी’ असें लिहिलें असेल तर लिहिणारा सेवक. शेवटीं ‘जाणिजे’ असेल तर लिहिणारा वरिष्ठ आणि पत्र आज्ञेचें. ‘विज्ञापना’ असेल तर अर्ज करणारा कनिष्ठ. ‘मुक्काम’ या शब्दापुढें जागा, आणि ‘छ’ या अक्षरापुढें चंद्रतिथि. कोण, कोणास, कोठून आणि केव्हां, एवढें ठरल्यावांचून मजकुराला अर्थ नाहीं, हें आपल्या चिटणिसांस पक्कें ठाऊक होतें. डॉलर आणि # यांतला भेद ‘विज्ञापना’ आणि ‘जाणिजे’ यांतल्या भेदासारखाच आहे. फरक एका गोष्टींत आहे. पत्राचा मायना दुसऱ्याच्या माहितीसाठीं असतो. प्रॉम्प्ट हा लिहिणाऱ्यानें स्वतःला पाठविलेला मायना आहे. मी कोण, मी कोठें आहें, आणि माझ्या हातीं सत्ता किती, हें त्यानें आज्ञा देण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं वाचावयाचें असतें.

आपल्या देशांत ही खूण सामान्य सुशिक्षितांच्या दृष्टीस केव्हां पडली? १९८४ मध्यें शाळांतून संगणक शिकविण्याची जी सरकारी योजना निघाली तींत बीबीसी नांवाचीं इंग्रजी बनावटीचीं यंत्रें आलीं. त्यांच्यापुढें बसलेल्या मुलांना > एवढीच खूण दिसे. पुढें डॉस ही व्यवस्था आली, आणि ‘सी’ या अक्षरानें आरंभ होणारी तिची खूण पुष्कळांच्या परिचयाची झाली. डॉसमध्येंहि ती बदलण्याची आज्ञा होती, आणि तिचें नांवच ‘प्रॉम्प्ट’ असें होतें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सर्वसामान्यांसाठीं आंतरजालाची सेवा सुरू केली. तींत चित्रें दाखविणारें खातें महाग आणि केवळ अक्षरांचें ‘शेल खातें’ स्वस्त, म्हणून पुष्कळ विद्यार्थी व मध्यमवर्गीय लोक शेल खात्याकडे वळले. त्या काळच्या टपालाच्या पत्त्यांत मुंबईच्या यंत्राचें नांव ‘जीआयएएस बीएम ०१’ आणि पुण्याच्या यंत्राचें ‘जीआयएएस पीएन ०१’ असें येई. आपण घरीं बसलों असलों तरी आपलें पत्र दूरच्या एका नांव असलेल्या यंत्रावर आहे, ही जाणीव त्या पत्त्यानें पुष्कळांस प्रथम करून दिली.

आतां काळ आणखी पुढें गेला आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादींत एकहि यंत्र लिनक्सवांचून चालणारें उरलें नाहीं. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें जी विशाल रेडिओ-दुर्बीण आहे, तिच्या संशोधनासाठीं ‘परम रुद्र’ हा महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्यें राष्ट्रास अर्पण झाला. अशा यंत्रांवर काम करणारा शास्त्रज्ञ आपल्या खोलींत बसून दूरच्या यंत्रास आज्ञा देतो. मोठ्या संगणकसमूहांत एक यंत्र दरवाज्याचें असतें, जेथें सर्वांनीं प्रवेश करावा. आणि शेंकडों यंत्रें कामाचीं असतात. दरवाज्याच्या यंत्रावर जड काम चालविलें तर सर्वांचाच खोळंबा होतो. आपण दरवाज्यांत उभे आहोंत कीं कारखान्यांत, हें त्यास खुणेंतील यंत्राच्या नांवावरून कळतें.

आतां माझी चूक. निवृत्तीनंतर मीं तालुक्यांतील एका शाळेची जुनी दाखल-खारीज नोंदवही टंकून काढण्याचें काम अंगावर घेतलें. या वह्यांचें महत्त्व आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. जन्मतारीख, जात, वडिलांचें नांव यांचा पुरावा म्हणून लोक आजहि आजोबा-पणजोबांच्या नोंदीचा उतारा मागावयास येतात. कागद पिवळे पडलेले, कडा तुटलेल्या. म्हणून मजकूर संगणकांत उतरवून ठेवावा असा विचार. माझ्या भाच्यानें दोन जुन्या यंत्रांवर लिनक्स बसवून दिलें. एक माझ्या घरीं, एक शाळेंत. घरच्या यंत्रावर कच्ची प्रत, शाळेच्या यंत्रावर तपासून शुद्ध केलेली प्रत, अशी आमची वांटणी होती. घरीं बसून शाळेच्या यंत्राशीं बोलण्याची सोयहि त्यानें करून दिली.

दोन्ही यंत्रांवर व्यवस्था बसवितांना यंत्राचें नांव विचारलें गेलें होतें. मीं घाईंत दोन्हीकडे एकच नांव दिलें. माझें नांव तर दोन्हीकडे एक होतेंच. परिणाम असा झाला कीं, पडद्यावर दोन काळ्या चौकटी शेजारीं शेजारीं उघडल्या तरी दोहोंची खूण अक्षरशः सारखी. एके दिवशीं संध्याकाळीं कच्ची प्रत फार झाली म्हणून ती पुसण्याची आज्ञा मीं लिहिली. ती ज्या चौकटींत लिहिली ती शाळेची होती. यूनिक्सच्या कुळांत पुसण्याच्या आज्ञेला कचऱ्याची टोपली नाहीं. आज्ञा झाली कीं वस्तु गेली. अडीच महिन्यांच्या शुद्ध केलेल्या नोंदी दुसऱ्या ओळीवर खूण येण्याच्या आंत नाहींशा झाल्या. दुसऱ्या ओळीवर आलेली खूणहि पहिलीसारखीच शांत होती.

मूळ वही शाबूत होती आणि कच्ची प्रत घरीं होती, म्हणून सर्वस्व बुडालें नाहीं. परंतु पुढच्याच आठवड्यांत माझा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलीच्या प्रवेशासाठीं आजोबांची नोंद शोधावयास आला. शुद्ध प्रत असती तर ती नोंद मिनिटांत सांपडली असती. कच्च्या प्रतींत तें नांव मींच चुकीचें वाचलें होतें, म्हणून तें सांपडेना. आम्ही दोघांनीं दोन दुपारीं ती जीर्ण वही पानें जपत जपत चाळली. अर्ज देण्याच्या शेवटच्या दिवशीं नोंद मिळाली. तो बिचारा माझेच आभार मानून गेला. ते आभार स्वीकारतांना मला काय वाटलें तें मी सांगत नाहीं.

भाच्यास हकीकत कळविली तेव्हां तो रागावला नाहीं. “मामा,” तो म्हणाला, “खूण बिचारी काय करील? तुम्ही जें नांव दिलें तेंच ती सांगणार.” मग त्यानें मला यंत्रांचीं नांवें बदलावयास शिकविलें आणि ‘पीएस-१’ कसें लिहावें तें दाखविलें. घरच्या यंत्राची खूण हिरवी, शाळेची तांबडी. रंग देण्याच्या गुप्त संज्ञा खुणेंत घालावयाच्या, पण त्यांच्या दोन्ही बाजूंस विशिष्ट कंस घालावयाचे. कारण या संज्ञा पडद्यावर जागा घेत नाहींत, आणि हें शेलास कंसांनीं सांगितलें नाहीं तर तें ओळीची लांबी चुकीची मोजतें. मग लांब आज्ञा लिहितांना ओळ स्वतःवरच चढते व वाचतां येत नाहीं. कंस न घातल्यामुळें होणारा हा घोटाळा मींहि करून पाहिला आहे.

खुणेंत मराठी शब्द घालावा असें मला वाटलें. आणि येथें इतिहासानें एक सुंदर गांठ मारली आहे. देवनागरी अक्षरांना जगाच्या समाईक अक्षरकोशांत, म्हणजे युनिकोडमध्यें, १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान आहे. परंतु तीं अक्षरें यूनिक्ससारख्या व्यवस्थेंतून सुरळीत वाहतील अशी रीत, जिला यूटीएफ-८ म्हणतात, ती सप्टेंबर १९९२ मध्यें रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनीं आंखली. एका उपाहारगृहांत जेवतांना मेजावरच्या कागदावर थॉम्पसन यांनीं तिचा आराखडा काढला. यूनिक्सच्या पहिल्या शेलाचे कर्ते ते हेच. ज्यानें खूण दिली त्याच्याच हातून त्या खुणेंत ‘घर’ हा शब्द लिहिण्याची सोयहि झाली.

सोय झाली, तरी अडचण अगदींच संपली नाहीं. मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरें यांची रुंदी मोजण्यांत शेल आणि पडदा यांचा हिशेब नेहमीं जुळतोच असें नाहीं. न जुळला तर लिहिण्याची जागा दाखविणारी कांडी अक्षराच्या पोटांत जाऊन उभी राहते. शिवाय चित्रांची व्यवस्था नसलेल्या, लिनक्सच्या मूळ पडद्यावर देवनागरी नीट उमटत नाहीं. यावर मीं बालवर्गांतला उपाय केला. कानामात्रा नसलेले शब्द निवडले. घरच्या यंत्राची खूण ‘घर’, आणि शाळेची ‘सदर’. वाड्याची सदर म्हणजे जेथें कारभार चालतो ती जागा. शाळेच्या दप्तराला हें नांव शोभतें. अलीकडे यंत्राची भाषा मराठी ठेवली तर वारहि मराठींत दाखवितां येतो. पण तो मीं घातलेला नाहीं. वार पाहण्यास भिंतीवर दिनदर्शिका आहे.

ही शेवटची गोष्ट मुद्दाम सांगितली. खूण मनासारखी करतां येते हें कळलें कीं प्रथम माणूस तींत सर्व कांहीं भरतो. घड्याळ, तारीख, यंत्राचा भार, मागील आज्ञा फसली कीं साधली त्याचा आंकडा, लहान लहान चित्रें. तरुण मंडळींच्या पडद्यावर मीं दोन-दोन ओळींच्या खुणा पाहिल्या आहेत. २०१६ सालच्या बॅशमध्यें तर आज्ञा दिल्यावर आणि काम सुरू होण्यापूर्वीं दिसणारी ‘पीएस-०’ ही आणखी एक खूण आली; त्यांत वेळ घातली कीं १९६१ सालचा ‘थांबा’ हा निरोप पंचावन्न वर्षांनीं घरीं परतला म्हणावयाचें. या सर्व गोष्टी कोणाच्या तरी उपयोगाच्या आहेत. परंतु रोज शंभर वेळां दिसणारी वस्तु डोळा लवकरच वाचीनासा होतो, आणि ती जितकी लांब तितका लवकर. म्हणून माझ्या मतें खुणेंत तेवढेंच असावें जें चुकलें असतां नुकसान होईल: मी कोण, कोणत्या यंत्रावर, कोणत्या कप्प्यांत, आणि हातीं सत्ता साधी कीं सर्व.

नोंदवहीचें काम पुन्हां सुरू केलें त्याला आतां बरेच दिवस झाले. शुद्ध प्रतीची एक नक्कल तिसऱ्या ठिकाणीं ठेवण्याची संवयहि लावून घेतली. कारण खूण सावध करते, पण गेलेलें परत आणीत नाहीं. रोज संध्याकाळीं दोन चौकटी उघडतों. एकींत हिरवें ‘घर’, दुसरींत तांबडें ‘सदर’. आज्ञा लिहून झाली कीं शेवटची कळ दाबण्यापूर्वीं मी ओळीच्या आरंभाकडे एकदां नजर टाकितों. शाळेंत मुलांना मी सांगत असें कीं, उत्तर लिहून झालें कीं वर जाऊन प्रश्न पुन्हां वाचा. तीच संवय या वयांत मला स्वतःला लावून घ्यावी लागली आहे.

श्रोतेहो, आपणांपैकीं ज्यांच्या घरीं असा पडदा असेल त्यांनीं आज एवढेंच करावें: आपल्या यंत्राला एक नांव द्यावें, आणि तें खुणेंत दिसतें कीं नाहीं हें पाहावें. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.